खिळे, ओळी आणि मजुरी

स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी सूचना कार्यकारी मंडळाने आम्हांस यंदाही केली. जुनी गावे, जुन्या वाटा, जुन्या शाळा यांविषयी आम्ही आजवर या पानांतून लिहीत आलो. यंदाचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या घरी चालून आला.

गेल्या दिवाळीत आमची एक भाची मुक्कामास आली होती. ती घरी बसून टंकलेखन करते. अमेरिकेतील डॉक्टर रोग्यास तपासल्यावर जे तोंडी सांगतात, ते ध्वनिमुद्रण कानांत घालून ऐकावयाचे व टंकून पाठवावयाचे, असे ते काम. मजुरी महिन्यावर नाही, ओळींवर आहे. जितक्या ओळी तितके पैसे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हिशेबाचे कागद आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत. मग एवढं मला सांगा. नवी पद्धत आल्यापासून माझ्या ओळी वाढल्या, बसण्याचा वेळही वाढला, आणि पैसे मात्र कमी झाले. माझं कुठं चुकतं?"

आम्ही कागद उलटसुलट पाहिले. बेरजा बरोबर होत्या. तिचे कोठेच चुकत नव्हते. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करलेल्या आमच्यासारख्या माणसास संगणकातले काय कळणार? परंतु इतिहासाच्या वाचनाने एक गोष्ट ध्यानात आली की, हा प्रश्न आमच्या भाचीच्या आधी दोनशे वर्षांहून अधिक काळ माणसे विचारीत आली आहेत. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत छापखान्यावर, गिरणीच्या मागावर किंवा टंकयंत्रावर पोट भरलेले कोणी ना कोणी होऊन गेले आहे. म्हणून ही हकीकत येथे मांडतो.

आरंभ लंडनच्या छापखान्यांपासून करावा लागतो. तेथील जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळविणारे कारागीर, बहुशः मापावर मजुरी घेत. परंतु जुळविलेला मजकूर मोजावा कसा? अक्षरे मोजीत बसले तर दिवस जावयाचा. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. 'एन' नावाचे एक माप धरले. एन म्हणजे त्या टाइपाच्या उंचीच्या निम्मी रुंदी. इंग्रजीतील बारीक आय आणि रुंद एम यांची सरासरी काढली, तर एक अक्षर साधारण एवढीच जागा घेते. एका ओळीत किती एन बसतात ते पाहावयाचे, ओळींच्या संख्येने गुणावयाचे, आणि दर हजार एनांस अमुक पेन्स असा भाव लावावयाचा. १७८५ साली लंडनच्या जुळाऱ्यांनी मालकांकडून दराचे एक लेखी पत्रक मान्य करून घेतले, व १८१० साली त्याहून सविस्तर पत्रक झाले. दीड शतकाहून अधिक काळ लंडनच्या मुद्रणव्यवसायात याच पत्रकाच्या वंशावळीवर वाद होत राहिले.

वाद कशावरून? वाचकांस नवल वाटेल, परंतु मोठा वाद कोऱ्या जागेवरून. मजकूर क्षेत्रफळाने मोजावयाचा म्हटले की, पानात जेथे काहीच छापलेले नाही तेही मोजले जाते. कवितेच्या ओळी आखूड असतात. उजवीकडची जागा मोकळी. प्रकरण अर्ध्या पानावर संपते. उरलेले अर्धे पान मोकळे. संवाद, याद्या, मथळे, सर्वांत मोकळी जागा. ही जागा भरावयास श्रम जवळजवळ नाहीत, पण मोजणीत ती येते. इंग्रज जुळारी तिला 'फॅट' म्हणत, म्हणजे चरबी. आपण तिला साय म्हणू. उलट, बारीक टाइपात गच्च भरलेले, परभाषेतील उतारे आणि तळटिपा यांनी गजबजलेले पान म्हणजे निव्वळ पाणी.

आता पाहा, साय कोणाच्या वाटीत पडावी? मालक म्हणे, कोऱ्या जागेचे पैसे मी का द्यावे? जुळारी म्हणे, हजार एनांचा दर तुम्ही इतका उतरता ठरविला, तो साय आमच्याकडे येणार हे गृहीत धरूनच ना? शिवाय त्या हजारात तुम्ही काय काय फुकट करवून घेता तेही पाहा. छापून झाल्यावर तो सगळा मजकूर मोडून प्रत्येक खिळा परत ज्याच्या त्याच्या घरात टाकावा लागतो. तो वेळ कोठे मोजला जातो? आमच्या चुका आम्ही फुकट दुरुस्त करतो. हस्तलिखित येईपर्यंत हात बांधून बसतो, त्याचा पैसा नाही.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे बीज येथे आहे. मापावरची मजुरी दिसावयास फार सरळ असते. काम मोजा, दराने गुणा. परंतु कोणतेही माप संपूर्ण काम कधीच मोजीत नाही. काही श्रम त्याच्या बाहेर राहतात, आणि काही न केलेले श्रम त्याच्या आत येतात. दर ठरतो तो या दोहोंचा मेळ बसवून. कारागिराचे पोट त्या मेळावर चालते. हा मेळ कोठे लिहिलेला नसतो. तो सवयीने ठरलेला असतो. म्हणून उद्या यंत्र बदलले, कागद बदलला, कामाची वाटणी बदलली, तर दरास कोणी हात न लावताही मजुरी बदलते.

कामाच्या वाटणीची गोष्ट आली म्हणून सांगतो. एका मोठ्या ग्रंथावर सहासात जुळारी मिळून बसत, तेव्हा त्यांचा एक म्होरक्या असे. त्यास 'क्लिकर' म्हणत. हस्तलिखिताचे तुकडे करून तो वाटी आणि शेवटी हिशेब सर्वांत विभागी. अशा टोळीत साय एकाच्या वाट्यास न जाता सर्वांत पातळ पसरे. जेथे अशी टोळी नसे, तेथे सायीची पाने मुकादमाच्या मर्जीतल्या माणसास मिळत. शाळेत कोणत्या शिक्षकास कोणता वर्ग मिळतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

पुढे १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्रात ओटमार मर्गेनथेलर या जर्मन घड्याळजी कारागिराचे लायनोटाइप यंत्र सुरू झाले. कळा दाबाव्या, की साचे आपोआप उतरून रांगेत लागत, त्यांवर वितळलेले शिसे ओतले जाई आणि सबंध ओळच एका तुकड्यात ओतून निघे. छापून झाले की ती ओळ पुन्हा वितळवावयाची. खिळे परत घरांत टाकण्याचा प्रश्नच नाही. हाताने जुळविणारा ताशी सुमारे हजार एम जुळवी, तेथे यंत्रावरचा माणूस चार-पाच हजारांपर्यंत जाई. आता जुन्या दराने पैसे दिले तर यंत्रचालक चौपट पाचपट श्रीमंत व्हावयाचा. तसे कोणता मालक होऊ देईल? आणि दर यंत्राच्या वेगाच्या प्रमाणात कापला, तर वेगाचा सर्व लाभ मालकाचा, शिवाय पाचांपैकी चार जुळारी घरी.

अमेरिकेतील जुळाऱ्यांच्या संघटनेने येथे जी दूरदृष्टी दाखविली तिचे आम्हांस फार कौतुक वाटते. त्यांनी यंत्र मोडण्याचे आंदोलन केले नाही. त्यांनी आग्रह धरला तो एवढाच की, यंत्रावर बसावयाचे तर मुळात हातजुळणी शिकलेल्या कारागिरानेच बसावे, आणि पुष्कळ ठिकाणी माप सोडून तासावर वा आठवड्यावर मजुरी घ्यावी. ज्या यंत्राचा वेग अजून कोणालाच ठाऊक नाही, आणि जे दरवर्षी सुधारत जाणार आहे, त्याच्या मापावर बांधून घेणे म्हणजे वाढत्या मुलाच्या अंगरख्याचे माप आजच कायमचे लिहून देणे होय. लंडनच्या वृत्तपत्रांतील जुळाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. १८९४ साली त्यांनी यंत्रासाठी स्वतंत्र, कमी दराचे पत्रक मालकांशी ठरविले, पण माप सोडले नाही. या दुसऱ्या मार्गाचा शेवट पुढे येईल.

आपल्याकडे काय होते? मुंबईत जावजी दादाजी यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याचे काम दरमहा दोन रुपयांवर केले, आणि पुढे १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढून निर्णयसागर उभारले, ही गोष्ट आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. परंतु देवनागरी जुळविणाऱ्याचे काम इंग्रजी जुळविणाऱ्याच्या कामाहून किती कठीण, हे मुलांस सांगावयाचे राहून गेले. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतीत एका ओळीसाठी वस्तुतः तीन रांगा लावाव्या लागत. मधल्या रांगेत अक्षर, वरच्या रांगेत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, खालच्या रांगेत उकार. 'मूर्ती' हा शब्द रुंदीने मोजला तर चिमूटभर. पण त्यासाठी हात किती वेळा घरांकडे गेला ते जुळाऱ्यास विचारावे. अशा लिपीस रुंदीचे इंग्रजी माप लावणे म्हणजे बैलगाडी आगगाडीच्या वेळापत्रकावर चालविणे. हरि गोविल यांच्या खटपटीने देवनागरी लायनोटाइप १९३० नंतरच्या दशकात तयार झाले, तरी गावोगावचे लहान छापखाने आमच्या डोळ्यांदेखत कित्येक वर्षे हातजुळणीवरच चालत होते.

आमच्या शाळेचे वार्षिक अशाच एका छापखान्यात छापले जाई, व प्रुफे तपासावयास आम्हांस तेथे बसावे लागे. जुळाऱ्यास पानावर मजुरी होती. एका वर्षी मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून आम्ही बक्षीस मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे दोन स्तंभांत, बारीक टाइपात घातली. चार पाने वाचली म्हणून शाळेत आमची पाठ थोपटली गेली. छापखान्यातल्या त्या वृद्ध जुळाऱ्याने मात्र प्रुफांवरून मान वर न करता म्हटले, "गुरुजी, चार पानं तुमची वाचली खरी. पण ती माझी होती." त्या वेळी आम्हांस हा विनोद वाटला. याद्यांची मोकळी पाने हीच त्याची साय होती, हे आज हा लेख लिहिताना समजते. पत्ता शोधून क्षमा मागावी, तर तो गृहस्थ हयात नाही.

गिरण्यांतही हेच. १९२८ साली मुंबईच्या गिरणीकामगारांचा सहा महिने संप झाला, त्यामागे अनेक कारणे होती. त्यांतील एक असे की, विणकरास कापडाच्या वजनावर मजुरी असे, आणि गिरण्या जाडेभरडे सोडून तलम कापडाकडे वळू लागल्या होत्या. तलम कापडात श्रम अधिक, वजन कमी. दरपत्रक जागच्या जागी. विणकराची मिळकत मात्र उतरलेली. भाचीला हे उदाहरण दिले तेव्हा ती एकदम म्हणाली, "म्हणजे अगदी माझंच!"

आता टंकयंत्राकडे वळू. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांप्रमाणे कचेऱ्यांतही श्रम मोजण्याची लाट आली. लेफिंगवेल नावाच्या गृहस्थाने १९१७ साली कचेरीच्या शास्त्रीय व्यवस्थेवर ग्रंथच लिहिला. टंकयंत्रास ठोके मोजणारे चक्र बसवावे आणि ठोक्यांवर वेतन किंवा बक्षीस द्यावे, अशा योजना निघाल्या. क्लीव्हलंड येथील लिंकन इलेक्ट्रिक या कारखान्याची एक गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांतून अजून सांगतात. तेथे टंकलेखिकांना ठोक्यांवर पैसे मिळू लागले. काही दिवसांनी एक मुलगी इतरांच्या पुष्कळ पुढे गेलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की, ती दुपारचे जेवण यंत्रापाशीच बसून एका हाताने खाते आणि दुसऱ्या हाताने जवळची कळ दाबीत राहते! योजना बंद झाली. गोष्ट ऐकून लोक हसतात आणि त्या मुलीस लबाड म्हणतात. आमचे मत निराळे आहे. मालकाने ठोके मागितले, तिने ठोके दिले. पत्रे मागितली असती तर पत्रे दिली असती.

आपल्याकडील मापावरचे टंकलेखक ज्यांस पाहावयाचे असतील, त्यांनी न्यायालयाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात जावे. आमच्या तालुक्याच्या गावी कडुनिंबाखाली एकेकाळी दहाबारा टंकयंत्रे ओळीने मांडलेली असत. प्रतिज्ञापत्र, वारसाचा अर्ज, भाडेकरार. दर पानावर. परंतु खरी गोम कार्बनमध्ये होती. एका वेळी मूळ प्रत आणि तीन कार्बन प्रती निघत. कार्बन प्रतीचा दर कमी, पण श्रम शून्य. म्हणजे कार्बन ही टंकलेखकाची साय होती. मग छायाप्रत काढणारे यंत्र आले. ज्यास आपण सर्वजण झेरॉक्स म्हणतो. त्या यंत्राने टंकलेखन केले नाही, टंकलेखकाचे एकही मूळ पान हिरावून घेतले नाही. तरी टंकलेखकाची कमाई उतरली, कारण पक्षकार आता एकच प्रत टंकून घेई आणि उरलेल्या समोरच्या दुकानातून काढी. मूळ पानाचा दर वाढवावा म्हटले, तर शेजारचा तयार होईना. दहाबारा जणांत एकवाक्यता कधीच झाली नाही. पुढे संगणक आले आणि ठरावीक अर्जांचे मसुदे साठवून ठेवता येऊ लागले. नाव, गाव, वय बदलले की पान तयार. जो आधी संगणकाकडे वळला त्यास काही वर्षे सायच साय मिळाली. सर्वजण वळल्यावर पानाचा दर उतरला, व साय कोठे गेली ते कळलेही नाही.

लंडनची हकीकत अर्धी सोडली होती, ती आता पुरी करू. फ्लीट स्ट्रीटवरील वृत्तपत्रांत यंत्रजुळारी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत आपल्या दरपत्रकावरच काम करीत होते. शंभर वर्षांच्या घासाघिशीने त्या पत्रकात इतकी पोटकलमे झाली होती की, मथळ्यास वेगळा भाव, दुरुस्तीस वेगळा, कोऱ्या जागेचा तर होताच. वृत्तपत्र रोज निघावयाचे असल्याने मालकास अडून बसणे परवडत नसे. त्यामुळे तेथील जुळाऱ्यांची मिळकत इतर कारागिरांस हेवा वाटावा अशी झाली. मग संगणक आला. आता बातमीदार स्वतः जे टंकतो किंवा जाहिरात विभागातील मुलगी दूरध्वनीवरून ऐकून जे टंकते, तेच थेट छपाईस जाऊ शकत होते. जुळाऱ्यांची संघटना म्हणाली, ते नाही. छापावयाचा मजकूर आमच्या माणसाने पुन्हा एकदा टंकलाच पाहिजे. एकाच मजकुरावर दोनदा बोटे! याच व अशाच प्रश्नांवर लंडनचा टाइम्स १९७८ च्या डिसेंबरापासून १९७९ च्या नोव्हेंबरापर्यंत, जवळजवळ वर्षभर, बंद राहिला. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांत तर याहून विचित्र प्रथा होती. बाहेरून तयार साच्यात आलेली जाहिरात छापून झाल्यावरही तीच पुन्हा जुळवावयाची, प्रुफे तपासावयाची आणि ते शिसे भट्टीत टाकावयाचे. स्वतः जुळारीच त्या कामास 'बोगस' म्हणत.

हे वाचून हसू येते, आम्हांसही आले. परंतु माप हेच ज्याचे पोट आहे, तो मापाचे रक्षण करणारच. कामाचा अर्थ संपला तरी माप शिल्लक होते, आणि त्याच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. न्यूयॉर्कच्या संघटनेने १९७४ साली पुन्हा एकदा शहाणा करार केला. यंत्रे हवी ती आणा, पण आज कामावर असलेल्यांस आयुष्यभराची नोकरी लिहून द्या. १९७८ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने शिशाची शेवटची रात्र पाळली. लंडनमध्ये असा करार वेळेवर झाला नाही. १९८६ च्या जानेवारीत रूपर्ट मरडॉक यांनी आपली वृत्तपत्रे एका रात्रीत वॉपिंग येथील नव्या कारखान्यात नेली आणि संपावर गेलेल्या सुमारे साडेपाच हजार माणसांस काढून टाकले.

त्याआधी ज्या जुळाऱ्यांस नव्या यंत्रावर बसविण्यात आले, त्यांची एक निराळीच व्यथा होती. लायनोटाइपच्या नव्वद कळांची मांडणी वेगळी. बोटांना तीच ठाऊक. नव्या यंत्राची कळफळी साध्या टंकयंत्राची. पन्नाशी उलटलेल्या कारागिरास टंकलेखन शिकविणाऱ्या मुलींच्या शेजारी बसून पहिल्यापासून बोटे गिरवावी लागली. पैशाची भरपाई काही जणांस मिळालीही असेल. गिरविण्याची भरपाई कोणी करीत नाही.

आता भाचीचे कागद. तिच्या धंद्यात ओळ म्हणजे कागदावरची ओळ नव्हे. पासष्ट ठोक्यांची एक ओळ असे अमेरिकेत फार दिवसांपासून चालत आले आहे. सर्व ठोके मोजावयाचे आणि पासष्टाने भागावयाचे. यात शब्दांमधील मोकळी जागाही मोजली जाई. २००७ च्या सुमारास तेथील या व्यवसायाच्या संस्थांनी शिफारस केली की, डोळ्यांस दिसणारे अक्षर तेवढेच मोजावे. मोकळी जागा मोजू नये. हे वाचताच आम्हांस १७८५ सालचे ते लंडनचे जुळारी आठवले. सव्वादोनशे वर्षांनंतर पुन्हा तोच कोऱ्या जागेचा तंटा!

दुसरी साय संक्षेपांची. अनुभवी टंकलेखिका चारदोन अक्षरे दाबते आणि संगणक पूर्ण वाक्य उमटवितो. ही यादी तिने वर्षानुवर्षे स्वतः जमविलेली असते. ती तिची पुंजी. पद्धत बदलली की कधी नव्या व्यवस्थेत ती यादी चालत नाही, आणि कधी ठरावीक मजकूर व्यवस्थाच घालते व त्याच्या ओळी हिशेबात धरीत नाही. आमच्या भाचीच्या बाबतीत दोन्ही घडले.

परंतु मोठा बदल तिसराच. डॉक्टरांचे बोलणे आता यंत्रच ऐकते आणि मसुदा तयार करते. टंकलेखिकेने तो ऐकत ऐकत सुधारावयाचा. सुधारणेचा दर टंकलेखनाच्या दराच्या साधारण निम्मा असतो. युक्तिवाद असा की, सुधारणे टंकण्याहून दुप्पट वेगाने होते. आम्ही फळ्यावर मांडतो तसे तिला मांडून दाखविले. समजा, ताशी दीडशे ओळी टंकल्या आणि ओळीस एक रुपया. दीडशे रुपये झाले. आता ओळीस पन्नास पैसे. तेवढेच रुपये मिळवावयाचे तर ताशी तीनशे ओळी हव्यात. डॉक्टर स्पष्ट बोलणारा असेल तर तीनशे होतीलही. पण तो पुटपुटणारा असेल, खोकणारा असेल, किंवा त्याचा उच्चार यंत्राच्या परिचयाचा नसेल, तर मसुद्यात इतक्या चुका निघतात की, सगळे पुसून पुन्हा टंकणे बरे. तरीही दर सुधारणेचाच. अशा ओळी ताशी समजा दोनशे झाल्या, तर पूर्वीपेक्षा पन्नास ओळी अधिक करूनही हाती शंभर रुपये.

"पण मामा," ती म्हणाली, "सरासरी म्हणून तर ते धरत असतील. काही डॉक्टर सोपे, काही अवघड."

सरासरी तोवरच खरी, जोवर सोपे आणि अवघड दोन्ही तुझ्या वाट्यास येतात. तिने मागे जाऊन पाहिले तेव्हा तिच्याच ध्यानात आले की, स्पष्ट बोलणारे तिचे नेहमीचे चारपाच डॉक्टर हळूहळू तिच्या यादीतून नाहीसे झाले होते. त्यांचे मसुदे यंत्राला इतके चांगले साधू लागले की, बहुधा ते फारसे कोणाच्या हातून जातच नसावेत. अलीकडच्या दोनतीन वर्षांत तर डॉक्टर आणि रोगी यांचे संभाषण ऐकून टिपण परस्पर तयार करणारी यंत्रे अमेरिकेतील रुग्णालयांत आली आहेत. साय यंत्राकडे गेली, पाणी माणसाकडे राहिले, आणि दर मात्र दुधाच्या सरासरीचा.

आम्ही तिला एक कोरी वही दिली. शिक्षकाजवळ दुसरे काय असते? त्यात पाच रकाने आखून दिले: काम हाती आल्याची वेळ, ते येईपर्यंत वाट पाहण्यात गेलेली मिनिटे, डॉक्टरांचा क्रमांक, मसुदा पुसून पुन्हा टंकावा लागला की नाही, आणि धरल्या गेलेल्या ओळी. कंपनीच्या हिशेबात यांतील शेवटचा रकाना तेवढा असतो. पहिले चार तिला स्वतः ठेवावे लागले. रोग्याचे नाव किंवा दुखणे यांविषयी एक अक्षरही लिहू नये, हे बजावून सांगितले. तिच्याबरोबर काम करणाऱ्या आणखी तिघींनीही तशाच वह्या घातल्या.

दोन महिन्यांनी चौघींनी मिळून आपले आकडे पर्यवेक्षकाकडे पाठविले. उत्तर यावयास बराच वेळ लागला. वाट पाहण्याच्या वेळेचे पैसे देता येणार नाहीत, असे स्पष्ट कळविण्यात आले. मोकळ्या जागेविषयी काहीच लिहिले नाही. मात्र ज्या सात डॉक्टरांचे मसुदे चौघींच्याही वह्यांत पुन्हा टंकावे लागलेले दिसले, त्यांच्या ओळींस टंकलेखनाचा पूर्ण दर लागू झाला. संक्रांतीस भाची तिळगूळ घेऊन आली तेव्हा तिची पहिली वही भरत आली होती. आणखी एक हवी म्हणाली. रकाने या वेळी तिने स्वतःच आखले, आणि त्यांत एक सहावा वाढविला होता.